देवाचा माणूस होण्याची किंमत

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला, तेव्हा खेळाडूला तीनच पेशे निवडता येत होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे चिलखत घालून हिंडणारा धर्मगुरू. हा तिसरा पेशा भक्तीतून जन्मलेला नाही. मिनेसोटात आर्नेसनच्या गटात 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चाले. त्यातल्या एका खेळाडूचं पात्र, सर फँग, रक्त पिणारा व्हॅम्पायर होऊन बसलं आणि कुणालाच आवरेना. त्याला उतारा म्हणून भयपटांतल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांच्या धर्तीवर एक धर्मगुरू उभा करण्यात आला. थडग्यातून उठलेल्यांना क्रूस दाखवून पळवायचं, जखमा भरायच्या आणि धारेचं शस्त्र हाती घ्यायचं नाही, हे त्याचं रूप तेव्हाच घडत गेलं.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गेम मास्टर होऊन सगळं जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र वागवतात आणि जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे पडतात. पात्र अनुभव मिळवत पातळ्या चढत जातं. क्लेरिकच्या प्रत्येक पातळीला पहिल्या पुस्तकात एकेक पदवी होती: अकोलाइट, अडेप्ट, गावचा पाद्री, व्हिकर, क्युरेट, बिशप, लामा आणि शेवटी पेट्रिआर्क. इंग्लंडच्या चर्चमधल्या हुद्द्यांच्या रांगेत बिशपच्या डोक्यावर तिबेटचा लामा बसवलेला. क्युरेट हा खऱ्या चर्चमध्ये व्हिकरच्या हाताखालचा माणूस, इथे तो त्याच्या वर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे सगळे कोणत्या देवाचे, याचा पत्ताच नाही. पदवी होती, पण तिच्यामागे देऊळ नव्हतं, वरिष्ठ नव्हते. गोब्लिन मारले, सोनं गोळा केलं, की माणूस बिशप.

गेल्या पन्नास वर्षांत या खेळांनी देव, पुजारी आणि देवाचे वीर यांचं काय काय केलं, हे पाहताना मी एकच प्रश्न सतत विचारत आलो आहे. हुद्दा मिळाल्यावर पात्राच्या हातून काय सुटतं? जिथे या प्रश्नाला ठाम उत्तर आहे तिथे देवाचा माणूस टेबलावर जिवंत होतो, आणि जिथे नाही तिथे तो जखमा भरणारं यंत्र उरतो. सगळं क्षेत्र चाळून झाल्यावरही माझं मत तेच आहे.

गायगॅक्सला ही उणीव जाणवली असावी, कारण 1978 आणि 1979 च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत त्याने पोकळ पदव्यांच्या खाली पाया घालायला घेतला. डंजन मास्टरच्या (गेम मास्टरचं या खेळातलं नाव) पुस्तकातला एक परिच्छेद मला फार मोलाचा वाटतो. क्लेरिकचे पहिल्या दोन पायऱ्यांचे मंत्र त्याच्या शिक्षणातून आणि श्रद्धेतून येतात. तिसऱ्या ते पाचव्या पायरीचे मंत्र देवाचे दिव्य सेवक देतात. सहाव्या-सातव्या पायरीचे खुद्द देवच देतो. म्हणजे क्लेरिक जसा वर चढतो तशी त्याची गाठ अधिकाधिक मोठ्या दरबाराशी पडते, आणि वागण्यात खोट असेल तर झाकायला जागा राहत नाही. नवव्या पातळीला त्याने गढी बांधून मुलूख राखला की दर माणशी महिन्याला 9 चांदीची नाणी उत्पन्न मिळे. इथे पुजाऱ्याला प्रजा होती.

ड्रुइडांची व्यवस्था त्याहून कडक. बाराव्या पातळीचे ड्रुइड जगात नऊच, आर्चड्रुइड तीन आणि ग्रेट ड्रुइड एक. जागा रिकामी नसेल तर वरच्याला द्वंद्वात हरवूनच चढायचं, आणि हरलेला एक पातळी खाली घसरतो. मला हा नियम खेळ म्हणून आवडतो, कारण त्यामुळे हुद्द्याला चेहरा येतो. आपल्या वर बसलेला माणूस कोण आहे, कुठल्या रानात राहतो, किती म्हातारा झाला आहे, हे पात्राला ठाऊक असावंच लागतं.

पॅलाडिन हा देवाचा वीर 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. त्याचं मूळ पोल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या 1961 च्या कादंबरीत सापडतं. तिच्यात दुसऱ्या महायुद्धातला डेन्मार्कचा एक अभियंता शार्लमेनच्या दंतकथांच्या जगात जाऊन पडतो आणि आपण तिथले जुने वीर आहोत हे त्याला हळूहळू उमगतं. खेळातल्या पॅलाडिनवर 1978 च्या पुस्तकाने इतकी बंधनं घातली की आजचे खेळाडू वाचून थक्क होतात. त्याच्याजवळ जादूच्या वस्तू दहाच असाव्यात. मिळकतीचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यावा. धन साठवू नये. सोबत सज्जनांचीच असावी. शिस्तीला सोडून काही वागला तर सातव्या किंवा वरच्या पातळीच्या सत्प्रवृत्त क्लेरिकपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावं. आणि जाणूनबुजून पाप केलं, तर त्याचं पॅलाडिनपण कायमचं गेलं, तो साधा लढवय्या झाला.

त्या कबुलीच्या नियमात मला एक अख्खा समाज दिसतो. वीर कितीही मोठा असो, त्याला एका पुजाऱ्यासमोर गुडघे टेकावे लागतात, आणि तो पुजारी शोधायला कदाचित तीन दिवसांची वाट तुडवावी लागते. त्या वाटेवर एक उत्तम खेळ घडतो. पण याच नियमाने टेबलांवर भांडणंही पुष्कळ लावली. डंजन मास्टरने मुद्दाम पेच टाकायचा, कैद्याला मारलं तर पाप, सोडलं तर गाव जळणार, आणि पॅलाडिनला पाडायचं. सोबतच्या चोराने खिसा कापला तरी पॅलाडिनने काय करायचं यावर सगळ्यांची संध्याकाळ वाया. बंधनं होती, पण ती कुणी आणि का घातली हे सांगणारा धर्म पुस्तकात नव्हता. त्यामुळे देवाचा निवाडा म्हणजे टेबलाच्या टोकाला बसलेल्या मित्राची लहर, असं होऊन बसलं.

देवांची माहिती नव्हतीच असं नाही. 1980 च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांच्या पंगतीत इंद्र, अग्नी, काली हेही बसवलेले आहेत, प्रत्येकाच्या नावापुढे चिलखताचा दर्जा आणि हिट पॉइंट. मराठी वाचकाला ते पान पाहून विचित्र वाटेल, आणि मला वाटतं ते वाटणं बरोबर आहे. ज्याला घरात दिवा लावतात त्याच्यापुढे किती घाव घातले म्हणजे तो मरेल हा आकडा दिला, की देव म्हणजे शेवटच्या दालनातला राक्षस होतो. त्याची पूजा कोण करतं, कोणाला त्याच्यासाठी काय सोडावं लागतं, यावर त्या नोंदींत फारच थोडं सापडतं.

याच सुमारास दोन माणसं वेगळ्या वाटेने चालली होती. पहिला एम. ए. आर. बार्कर. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई भाषा शिकवणारा हा प्राध्यापक. त्याचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' 1975 मध्ये आला. त्याच्या टेकुमेल या जगात स्थैर्याचे पाच देव आणि परिवर्तनाचे पाच, प्रत्येकाचा एकेक सहचर देव, आणि पुजाऱ्यांची श्रेणी 'वर्तुळां'नी मोजलेली. तिथलं देऊळ हे सरकारी कचेरीसारखं चालतं. कुळ कोणतं, वर्तुळ कितवं, यावरून कुणी कुणाशी कोणत्या सर्वनामाने बोलायचं हे ठरतं. मोठ्या बुद्धीचं काम. पण याच बार्करने 1991 मध्ये टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी प्रसिद्ध केली होती, हे टेकुमेल फाउंडेशनने 2022 मध्ये जाहीरपणे मान्य केलं, आणि त्यानंतर त्याचं जग पूर्वीच्या मोकळेपणाने हाती घेणं मला तरी शक्य होत नाही.

दुसरा ग्रेग स्टॅफर्ड. 1975 मध्ये त्याने केऑसियम ही कंपनी काढली, 1978 मध्ये स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या ग्लोरान्था या जगावर 'रूनक्वेस्ट' रचला आणि 1979 मध्ये 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' हे पुस्तक आलं. या विषयावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी हेच हातात देईन. त्यात प्रत्येक पंथाची दैवतकथा आहे, तो पंथ समाजात कुठे बसतो ते आहे, मेलेल्याचं काय करतात ते आहे, शेजारच्या पंथांशी नातं कसं ते आहे. मंत्र आणि शक्ती त्यानंतर येतात.

ग्लोरान्थात देव स्वतः का येत नाहीत, याचं उत्तर त्या जगाच्या मुळाशीच दिलेलं आहे. वादळाचा देव ऑर्लान्थ याने सूर्यसम्राट येल्मला ठार केलं. जग अंधारात बुडालं, केऑस, म्हणजे अनागोंदी, आत शिरली. मग ऑर्लान्थ आणि त्याचे सोबती पाताळात उतरले, मेलेल्या सूर्याशी समेट झाला, आणि त्या महातडजोडीतून काळ सुरू झाला. तडजोडीची अट अशी की काळाच्या आत देवांनी मोकळेपणी हात घालायचा नाही. म्हणून देवाला माणूस लागतो. पुजारी आणि वीर हे त्या जगात देवाचे उरलेले हातपाय आहेत, आणि त्यामुळे त्यांचा हुद्दा शोभेचा राहूच शकत नाही.

पायऱ्या थोड्या. आधी सामान्य भक्त, मग दीक्षित, त्यानंतर वाट फुटते: एकीकडे रून पुजारी, दुसरीकडे रून लॉर्ड, म्हणजे देवाचा वीर. दीक्षा घेताना आपल्या 'पॉवर' या आत्मबळाच्या आकड्यातला एक अंश कायमचा देवाला द्यायचा. शिवाय वेळेचा आणि कमाईचा दहावा हिस्सा. पुजाऱ्याने 90 टक्के द्यायचे. याचा सरळ अर्थ असा की पुजारी झालेलं पात्र मनात आलं म्हणून गुहा धुंडाळायला निघू शकत नाही, त्याच्या दारात लग्नं, बारशी, वाद आणि सणवार उभे असतात. वीर व्हायचं तर पंथाने ठरवलेल्या कौशल्यांत 90 टक्क्यांपर्यंत पोचायला हवं, आणि ते साधायला बराच काळ खेळावं लागतं.

चालाना आरॉय ही उपचारांची देवी. नाव कानाला परकं, पण तिची अट कुणालाही कळेल: तिच्या दीक्षितांनी विचार करू शकणाऱ्या कोणत्याही जिवाला इजा करायची नाही. ज्या खेळात निम्मा वेळ तलवारी चालतात तिथे असं पात्र घेऊन बसायला धैर्य लागतं, आणि असं पात्र टेबलावर असलं की बाकीचे चौघेही तलवार उपसण्याआधी थांबतात. हुमाक्त हा मृत्यूचा आणि सत्याचा देव. त्याने आपल्या वादळकुळाशी नातं तोडलं, म्हणून त्याच्या भक्तांचंही मन नात्यागोत्यांपासून तुटत जातं. तो देणग्या देतो, पण प्रत्येक देणगीमागे एखादं व्रत लावतो: खाण्यापिण्यावरचं, शस्त्रांवरचं, ब्रह्मचर्याचं. आणि हुमाक्तचा माणूस मेला की मेला. इतरांना मंत्राने परत आणता येतं, त्याला नाही.

एक प्रसंग जवळून पाहू. समजा, हुमाक्तची दीक्षित एका खिंडीत अडकली आहे, सोबतचे दोघे पडलेत, समोर शत्रूचे वीस जण. तिची पॉवर 14. ती देवाला हाक मारते, म्हणजे खेळाडू शंभराचे फासे टाकते. 14 च्या वर पडलं तर देव ऐकत नाही. समजा 9 पडले. हुमाक्त येतो, तिघांना तिथून उचलतो. पण जितके पडले तितकी पॉवर तो घेऊन जातो, कायमची. 14 ची झाली 5. या खेळात साधा मंत्र साधण्याची शक्यता पॉवरच्या पाचपट, म्हणजे कालपर्यंत 70 टक्के होती ती आज 25. हरवलेलं बळ परत मिळवायला कित्येक ऋतू जातील. फाशांवर नेमके 14 पडले असते तर देव आला असता, सोबत्यांना वाचवलं असतं आणि तिला स्वतःबरोबर नेलं असतं.

आता तिच्या जागी रून लॉर्ड उभा करा. तो शंभराऐवजी दहाचा फासा टाकतो. त्याचीही पॉवर 14 असेल तर देव येणारच, हाक वाया जाणार नाही. पण प्रत्येक हाकेला एक ते दहा अंश जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला तो स्वतःच संपू शकतो. देवाचा सगळ्यात लाडका माणूस तो हाच, आणि तो देवाला हाक मारायला सगळ्यात जास्त कचरतो. श्रद्धेबद्दल इतकं खोल काही एका फाशात बसवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. फासा हातात घेऊन खेळाडू गप्प होतो, सोबतचे 'नको टाकूस' म्हणतात, आणि तो टाकतो.

1986 मध्ये इंग्लंडातून आलेल्या 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले'ची तऱ्हा निराळी. तिथलं साम्राज्य जुन्या पवित्र रोमन साम्राज्याच्या छायेत उभं, आणि त्याचा संस्थापक सिग्मार हा टोळ्या एक करणारा राजा पुढे देव झालेला. या खेळात पेशे म्हणजेच पायऱ्या. 2018 च्या चौथ्या आवृत्तीत लढाऊ पुजारी नवशिक्यापासून सुरुवात करून पुजारी-सार्जंट आणि पुजारी-कॅप्टनपर्यंत जातो, म्हणजे देऊळ आणि पलटण एकच. तिथली सुंदर युक्ती पापांची. देवाच्या आज्ञा मोडल्या की पापाचे गुण साठतात, आणि प्रार्थनेचे फासे टाकताना एकंचा आकडा त्या गुणांइतका किंवा कमी आला की देवाचा कोप होतो, प्रार्थना फळली तरीही. पॅलाडिनच्या टेबलावर जो निवाडा मित्राच्या लहरीवर होता तो इथे फाशावर सोपवला आहे. पापी पुजारी प्रार्थना करत राहू शकतो, मात्र दर वेळी जीव मुठीत धरून.

परत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'कडे. एड ग्रीनवूडच्या 'फरगॉटन रेल्म्स' या जगाने त्याला हवे तितके देव दिले. 1989 च्या कथानकात देवांचा अधिपती आओ याने हुकूम काढला की यापुढे देवाचं बळ भक्तांच्या संख्येवर आणि निष्ठेवर ठरेल. कल्पना झकास, कारण आता देवही माणसावर अवलंबून. पण याच जगातले 'निवडलेले' मात्र मला रुचत नाहीत. जादूच्या देवीचे हे लाडके, त्यांतला एल्मिन्स्टर सगळ्यांत प्रसिद्ध, इतके समर्थ की त्यांच्यापुढे खेळाडूंची पात्रं खुजी दिसतात. त्या पुराणात किंमत मोजणारं माणूस आहे, पण ती एलुए नावाची आई: देवीने तिच्या देहात राहून मुली जन्माला घातल्या आणि तो देह आतून पोखरून टाकला. तिच्याबद्दल लिहिलं गेलं ते मुलींची ओळख करून देण्यापुरतं.

2001 मध्ये याच जगाच्या पुस्तकात 'डिव्हाइन चॅम्पियन' हा स्वतंत्र पेशा आला. आपल्या दैवताचं शस्त्र त्याला सरावाचं हवं, धर्माचं थोडं ज्ञान हवं, आणि मग त्याला पाखंड्यांवर वाढीव घाव घालता येतो. पाखंडी म्हणजे दुसऱ्या कुठल्याही दैवताचा माणूस, मग तो कितीही सज्जन असो. हा नियम वाचून मला दर वेळी अस्वस्थ वाटतं. अनेक देवांच्या जगात, जिथे खलाशी एकाला आणि शेतकरी दुसऱ्याला नवस बोलतो, तिथे शेजाऱ्याचा देव वेगळा म्हणून घाव जास्त का बसावा? हा वीर एकाच देवाच्या धर्मयुद्धांतून उचलला गेला आणि अनेक देवांच्या देवळात आणून बसवला गेला.

त्यापुढची हकिकत थोडक्यात. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत एकदा दीक्षा मिळाली की कुणी काढून घेऊ शकत नाही, असं ठरलं. 2014 च्या पाचवीत पॅलाडिनची शक्ती शपथेतून येते आणि त्याला देव असण्याची गरज उरत नाही. 'पाथफाइंडर' या त्याच वंशातल्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत पेशाचं नावच 'चॅम्पियन' झालं आणि पॅलाडिन ही त्यातली एक शाखा. भांडणं मिटली हे खरं, आणि नव्या खेळाडूंना त्यामुळे मोकळेपणा मिळाला हेही मी मान्य करतो. पण शपथ स्वतःला घातलेली, मोडली तर विचारणारं कुणी असलंच पाहिजे असं नाही, आणि तीन दिवसांची वाट तुडवून जिच्याकडे जावं अशी म्हातारी पुजारीणही लागतेच असं नाही.

उलट्या टोकाला व्हिन्सेंट बेकरचा 2004 चा 'डॉग्ज इन द व्हिनयार्ड'. राक्षस आणि किल्ले नाहीत, एकोणिसाव्या शतकातल्या यूटाच्या मॉर्मन वस्त्यांसारखी गावं आहेत आणि तिथे फिरून धर्म सांभाळणारी तरुण पोरं आहेत. अंगावरचा कोट त्यांच्या घरच्यांनी शिवून दिलेला. प्रत्येक गावात पापाची साखळी आहे: अहंकारातून अन्याय, अन्यायातून पाप, आणि शेवटी खोटं पौरोहित्य व खून. पोरांचा हुद्दा इतका मोठा की ती जे ठरवतील तोच देवाचा निवाडा. ती चुकली असं म्हणायचा अधिकार गेम मास्टरला नाही. तुमच्या पात्राने एका बाईला गावाबाहेर काढलं तर ते बरोबर की चूक, हे तुम्हालाच दुसऱ्या गावच्या रस्त्यावर ठरवावं लागतं.

जे कुणी येत्या रविवारी टेबल मांडणार आहेत आणि ज्यांच्याकडे कुणीतरी क्लेरिक किंवा पॅलाडिन घेऊन बसणार आहे, त्यांना मी नियम बदलायला सांगत नाही. तीन माणसं नावानिशी लिहून ठेवा. एक, जिने या पात्राला दीक्षा दिली आणि जी अजून हयात आहे. दुसरा, जो दर आठवड्याला या पात्राकडे काहीतरी मागायला येतो, आजारी बैल किंवा हरवलेला मुलगा घेऊन. तिसरा, ज्याला ही जागा हवी होती आणि मिळाली नाही. पहिल्या बैठकीत यांतला एक तरी दारात उभा करा, आणि तो दुसरा असला तर उत्तम, कारण मोहिमेला निघायच्या घाईत असलेल्या वीराला त्या बैलासाठी थांबायचं की नाही हे लगेच ठरवावं लागेल.